रडण्याने कर्करोग बळावत नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे हे उत्तर कशाचे आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमच्या ताई ४७ वर्षांच्या आहेत, अहिल्यानगर जिल्ह्यात अंगणवाडी सेविका म्हणून काम करतात. डाव्या स्तनात गाठ लागली, तपासणीत दुसऱ्या टप्प्याचा कर्करोग निघाला, शस्त्रक्रिया झाली आणि आता केमोच्या दोन सायकल पूर्ण झाल्या आहेत. निदान झाले त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना त्यांनीच धीर दिला होता. पहिल्या केमोनंतर केस गेले, तेव्हापासून मात्र त्या गप्प झाल्या आहेत, रात्री रडतात, हळदीकुंकवाला जाणे त्यांनी बंद केले आहे आणि गेल्या आठवड्यात ‘मला पुढची केमो नको’ असे म्हणाल्या. असे निगेटिव्ह विचार केलेस तर आजार वाढेल, असे म्हणून दाजी त्यांच्यावर रागावतात. हे खरे आहे का, ताईंना पुन्हा पॉझिटिव्ह कसे करायचे, आणि घरात त्यांच्याशी काय बोलायचे, असे तुम्ही विचारले आहे.

मी कर्करोगाच्या रुग्णांसोबत मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. हा प्रश्न मला रुग्णापेक्षा नातेवाइकांकडून जास्त ऐकू येतो, आणि तो विचारणाऱ्याच्या मनात मायेइतकीच भीतीही असते. ताईंची फाइल मी पाहिलेली नाही. त्यांच्या गाठीत हार्मोन रिसेप्टर (म्हणजे हार्मोनला प्रतिसाद देणारे भाग) आहेत का, ती हर टू पॉझिटिव्ह (म्हणजे पेशींची वाढ करणारे हर टू हे प्रथिन जास्त असलेली) आहे का, काखेतल्या किती गाठींमध्ये आजार पोहोचला होता, केमोचे कोणते औषध सुरू आहे, यांवर पुढच्या पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात आणि त्यांबाबत तुमच्या कर्करोगतज्ज्ञांचाच शब्द शेवटचा. पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला फाइल लागत नाही. ताईंच्या रडण्याने, घाबरण्याने किंवा वाईट विचार मनात येण्याने त्यांचा कर्करोग वाढणार नाही. आज घरी गेल्यावर दाजींना आधी एवढे सांगा.

हा समज आला कुठून, तेही समजून घेण्यासारखे आहे, कारण तो निव्वळ अडाणीपणातून आलेला नाही. १९७९ साली इंग्लंडमधील एका छोट्या अभ्यासात असे दिसले होते की, ज्या स्त्रियांनी आजाराला लढाऊ वृत्तीने तोंड दिले त्या पाच वर्षांनंतर अधिक संख्येने बऱ्या होत्या. त्या अभ्यासात जेमतेम ६९ स्त्रिया होत्या. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेत डेव्हिड स्पीगल यांनी शरीरात इतरत्र पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर आठवड्याला आधारगटात बसून मोकळेपणाने बोलणाऱ्या स्त्रिया सरासरीने सुमारे दीड वर्ष अधिक जगल्याचे त्यात आढळले. साहजिकच ही बातमी जगभर पसरली, आणि मनाच्या बळावर कर्करोग हरवता येतो हे वाक्य तिथून घराघरात गेले. त्यानंतर काय झाले ते मात्र फारसे कुणी सांगत नाही. १९९९ मध्ये ब्रिटनमध्येच ५७८ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात लढाऊ वृत्तीचा जगण्या-मरण्याशी काहीही संबंध सापडला नाही. कॅनडात २३५ स्त्रियांवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आधारगटामुळे आयुष्य वाढले नाही. खुद्द स्पीगल यांनी पुन्हा अभ्यास केला तेव्हा, २००७ मध्ये, त्यांनाही एकंदरीत पहिला निष्कर्ष पुन्हा मिळाला नाही. कॅनडाच्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र मला फार मोलाची वाटते. ज्या स्त्रिया सुरुवातीला जास्त दुःखी होत्या, त्यांचे मन गटात बसल्याने हलके झाले आणि वेदनेचा त्रासही त्यांना कमी जाणवू लागला. आयुष्याचे दिवस वाढले नाहीत तरी आहेत ते दिवस सुसह्य झाले, हे काही थोडे नाही.

याच्याच जोडीला दुसरा आरोप असतो आणि तो जास्त बोचतो: ‘तू सगळे मनात ठेवतेस, चिंता करतेस, म्हणून तुला हे झाले.’ तो ताईंच्या कानावर आला असेल, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. युरोपातील सुमारे १ लाख १६ हजार माणसांची माहिती एकत्र करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कामाच्या ताणाचा आणि स्तनाच्या कर्करोगाचा संबंध आढळला नव्हता. ताईंनी स्वतःच्या स्वभावाने हा आजार ओढवून घेतलेला नाही. हे वाक्य त्यांना कुणीतरी, शक्यतो डॉक्टरांनी, स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे, कारण ज्या बाईला आजार आपल्यामुळे झाला असे वाटते तिला रडण्याचीही लाज वाटू लागते.

मग मनाच्या अवस्थेला काहीच महत्त्व नाही का? आहे, पण लोक समजतात त्या ठिकाणी नाही. वर सांगितलेल्या १९९९ च्या अभ्यासातच असेही दिसले की, ज्या स्त्रिया पूर्णपणे हताश झाल्या होत्या, आता काही उपयोग नाही असे ज्यांना ठामपणे वाटत होते, त्यांच्यात आजार उलटण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण काहीसे अधिक होते. याचे कारण त्या अभ्यासातून पक्के सिद्ध होत नाही. माझ्या अनुभवात मात्र हताश झालेली व्यक्ती आधी तारीख चुकवते, मग गोळ्या सोडते, मग ताप आला तरी कुणाला उठवत नाही. दुःखी माणूस रडत रडत का होईना, केमोच्या खुर्चीत जाऊन बसतो. हताश माणूस बसत नाही. म्हणून ताई रडतात याची मला तेवढी काळजी वाटली नाही, जेवढी त्यांच्या ‘पुढची केमो नको’ या वाक्याची वाटली. तुमचा खरा प्रश्न तो आहे, असे मला वाटते.

त्याकडे वळण्याआधी, जबरदस्तीने हसरे राहण्यात प्रत्यक्ष धोका कसा असतो ते सांगते. आमच्याकडे येणाऱ्या एक बाई दर भेटीत डॉक्टरांना ‘मी एकदम मस्त’ असे सांगत आणि सोबत आलेली जाऊ कौतुकाने मान डोलावत असे. त्यांना दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचे औषध सुरू होते. एकदा रक्त घेताना नर्सच्या लक्षात आले की, उजव्या हाताच्या तीन बोटांच्या टोकांना फोड आहेत, काही ताजे, काही सुकलेले. भाकरी उलटताना तवा लागत होता आणि बोटांना कळतच नव्हते. ब्लाउजचे हुक लावायला मुलगी लागत होती, पायातून चप्पल निसटली तरी समजत नव्हते. केमोमुळे बोटांच्या नसांवर परिणाम झाला होता, आणि तो वेळीच सांगितला तर डॉक्टर डोस कमी करतात, अंतर वाढवतात किंवा औषध बदलतात. त्यांनी का सांगितले नाही? ‘तक्रार करणे म्हणजे निगेटिव्ह होणे, घरच्यांनी बजावले होते’, असे त्या म्हणाल्या. तापाचेही तसेच. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या काळात १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर ती तातडीची अवस्था असते, पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहायची नसते. ‘उगाच कुणाला त्रास नको’ म्हणून अंगावर ताप काढणारी समजूतदार बाई मला रडणाऱ्या बाईपेक्षा कितीतरी जास्त धोक्यात दिसते. ताईंनी कुरकुर करावी, प्रत्येक त्रास डॉक्टरांना सांगावा, हवे तर चिडून सांगावा. या आजारात मला हवी असलेली सकारात्मक वृत्ती हीच आहे.

कर्करोगाच्या रुग्णांच्या मानसोपचाराचा पाया ज्यांनी घातला त्या न्यूयॉर्कच्या डॉ. जिमी हॉलंड यांनी रुग्णावर लादल्या जाणाऱ्या या सकारात्मकतेला जुलूम असेच म्हटले होते. ज्यांचा स्वभाव मुळात आनंदी आहे त्यांनी आनंदी राहावे. ज्या आयुष्यभर अबोल, चिंता करणाऱ्या होत्या त्यांना ऐन आजारपणात नवा स्वभाव धारण करायला सांगणे हा अन्याय आहे. प्रार्थनेने, वारीच्या आठवणीने, अंगणवाडीतल्या पोरांच्या फोटोंनी ताईंना बरे वाटत असेल तर ते जरूर असू द्या. फक्त ते त्यांच्यावर कर्तव्य म्हणून टाकू नका.

आता ताई अचानक खचल्या का, याकडे पाहू. यात तीन-चार गोष्टी मिसळलेल्या असू शकतात आणि त्यांतल्या काहींचा विचारांशी संबंधच नसतो. केमोच्या वेळी उलटी आणि ॲलर्जी होऊ नये म्हणून बहुधा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. त्याने एक-दोन रात्री झोप उडते, माणूस उगाच उत्साही किंवा चिडचिडा होतो, आणि ते थांबले की काही जणींचे मन दोन-तीन दिवस एकदम खाली बसते. शिवाय ४७ व्या वर्षी केमोमुळे पाळी बंद होऊ शकते. अंगातून वाफा निघणे, रात्री घामाने जाग येणे, कारण नसताना रडू येणे हे सगळे त्यासोबत येते. रक्त कमी असले की थकवा वाढतो. म्हणून माझी पहिली सूचना अगदी साधी आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर केमोच्या तारखेपासून रोज दोन शब्द लिहा: झोप कशी, मन कसे. ठरावीक दिवशी मन खाली जाते आणि आपोआप वर येते असे दिसले, तर ती माहिती डॉक्टरांना द्या. स्टेरॉइडच्या वेळा आणि प्रमाण बदलता येते. ताईंनाही त्यातून दिलासा मिळेल, कारण ‘मी कमजोर आहे’ यापेक्षा ‘आज चौथा दिवस आहे’ हे सोसायला सोपे असते.

केसांचे दुःख मात्र औषधाने झालेले नसते, आणि ते क्षुल्लक समजू नका. पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत केस झडू लागतात, उशीवर, मोरीत, कंगव्यात पुंजके दिसतात, आणि पुढे भुवयाही विरळ होतात. ‘केस काय, परत येतील’ हे खरेच आहे. उपचार संपल्यावर काही महिन्यांत ते परत येऊ लागतात. पण आपल्याकडे बाईच्या डोक्यावर केस नसणे याला किती जुना आणि कडू अर्थ आहे, हे वेगळे सांगायला नको. शस्त्रक्रियेने एक स्तन काढला असेल तर साडी नीट बसत नाही, पदर सारखा ओढावा लागतो, आणि समोरच्याची नजर कुठे जाते यावरच सगळे लक्ष राहते. अशा बाईने हळदीकुंकवाला जाणे टाळले तर त्यात नकारात्मक काय आहे? ताईंना गर्दीत ओढून नेऊ नका. एखादी जवळची मैत्रीण घरी बोलवा. विग, सुती टोपी, ब्लाउजमध्ये बसणारा सिलिकॉनचा किंवा विणलेला कृत्रिम स्तन यांची माहिती रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारा. काही ठिकाणी या वस्तू मोफतही मिळतात. आणि हे बोलणे भावाने करण्यापेक्षा बहिणीने किंवा नर्सने केलेले ताईंना कदाचित जास्त रुचेल, तेवढे तारतम्य तुम्ही ठेवालच.

हे सगळे धरूनही एक शक्यता उरते: ताईंना नैराश्याचा आजार झाला असेल. केमोत भूक, झोप, ताकद सगळ्यांचीच जाते, त्यामुळे त्यावरून नैराश्य ओळखता येत नाही. मी इतर गोष्टी पाहते. पूर्वी ज्यात जीव रमायचा त्यातले काहीच आता नकोसे वाटते का. आपण घरावर ओझे आहोत, आपल्यामुळे पैसा वाया जातो असे सतत मनात येते का. आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज, दिवसभर चालू आहे का? मरणाचे विचार येतात का, हे ताईंना शांतपणे आणि सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट लपवण्याचे ओझे उतरते. उत्तर ‘हो’ आले तर त्यांना एकटे ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे, तिथे मराठीत बोलता येते. नैराश्यावर समुपदेशन आणि औषधे दोन्ही चांगली लागू पडतात. इथे एक सूचना महत्त्वाची आहे: पुढे ताईंना टॅमॉक्सिफेन ही हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी सुरू होणार असेल तर पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन यांसारखी नैराश्यावरची औषधे शक्यतो टाळतात, कारण टॅमॉक्सिफेनचे शरीरात अधिक प्रभावी रूपात होणारे रूपांतर ती अडवतात. दुसरी योग्य औषधे आहेत. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना कर्करोगाची पूर्ण फाइल सोबत न्या, आणि गावातल्या दुकानातून कुणाच्या सांगण्यावरून गोळी आणू नका.

आता ‘केमो नको’ या वाक्याबद्दल. त्यावर लगेच समजावणे, शपथा घालणे, मुलांची आठवण करून देणे हे घरचे लोक करतात आणि ताई आणखी मिटतात. आधी विचारा, ‘नको म्हणजे त्यातले नेमके काय नको?’ मला या प्रश्नाला फार वेगवेगळी उत्तरे मिळालेली आहेत. कुणाला मळमळ सहन होत नाही, आणि मळमळीवर आज पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली औषधे आहेत, फक्त मागच्या वेळच्या गोळ्या कमी पडल्या हे डॉक्टरांना सांगावे लागते. कुणाची शीर सापडत नाही, दर वेळी चार-चार टोचण्या होतात; त्यावर पोर्ट, म्हणजे औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवायची छोटी डबी, बसवता येतो. कुणाला रुग्णालयाच्या रांगेत अर्धा दिवस घालवणे नकोसे होते. आणि पुष्कळ जणींच्या ‘नको’मागे पैसा असतो, जो त्या तोंडावर आणत नाहीत. ताईंनी दागिने मोडले जाताना पाहिले असतील किंवा मुलाच्या फीबद्दलचे बोलणे ऐकले असेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन यांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, कक्ष असतो, तिथे रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आजच चौकशी करा. पैशाचा प्रश्न सुटल्यावर ‘केमो नको’ हे वाक्य आपोआप नाहीसे झालेले मी पाहिले आहे.

त्याच वेळी ताईंना हेही कळले पाहिजे की, दुसऱ्या टप्प्यात केमो दिली जाते ती आजार पूर्ण बरा करण्याच्या उद्देशाने, चार दिवस वाढवण्यासाठी नव्हे. त्यांच्या बाबतीत केमोने नेमका किती फायदा अपेक्षित आहे, हे गाठीच्या प्रकारानुसार बदलते, आणि तो आकडा डॉक्टरांना विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. पेशी कमी आल्या म्हणून आठवडाभर पुढे ढकलणे आणि मनाने खचून सोडून देणे यांत फरक आहे. मनोबलावर किंवा जडीबुटीवर भिस्त ठेवून उपचार सोडण्याचा सल्ला कुणी देत असेल, तर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास त्यांच्यापुढे ठेवा: ज्यांनी नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतले, त्या स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांत मृत्यूचा धोका पाचपटीहून अधिक आढळला. सकारात्मक विचारांची मला खरी भीती वाटते ती याच वळणावर.

घरात काय बोलावे, हेही तुम्ही विचारले आहे. ‘रडू नकोस’ याऐवजी ‘मी इथे आहे’ एवढे पुरते, आणि पुष्कळदा तेही बोलायची गरज नसते. चौकशीचे फोन एकाच माणसाने घ्यावेत, ताईंना तीच कहाणी दहा जणांना सांगायला लावू नये. बऱ्या झालेल्यांचे व्हिडिओ पाठवणे थांबवा. त्याऐवजी हाच उपचार पुरा केलेली जिल्ह्यातली एखादी बाई डॉक्टरांमार्फत भेटली तर तासभर बसून बोलू द्या, त्यांचे एकमेकींना विचारायचे प्रश्न तुमच्या-माझ्या प्रश्नांपेक्षा वेगळे असतात. रोज संध्याकाळी झेपेल तेवढे चालणे केमोच्या थकव्यावर उपयोगी पडते, हे चांगले सिद्ध झालेले आहे, फक्त रक्ताचे अहवाल पाहून डॉक्टरांना विचारून घ्या. अंगणवाडीच्या नोंदवह्यांचे एखादे काम घरी बसून करता येत असेल आणि ताईंना हवे असेल तर ते आणून द्या. मुलांमध्ये जाणे मात्र पेशी कमी असतानाच्या दिवसांत टाळलेले बरे. आणि दाजींशी तुम्ही वेगळे बोला. त्यांचा राग हा बहुधा भीतीच आहे. बायकोसमोर आपण रडलो तर ती खचेल, असे वाटून पुष्कळ नवरे रागावण्याचा मार्ग धरतात. त्यांनाही कुठेतरी मन मोकळे करू द्या.

एक गोष्ट आताच सांगून ठेवते, कारण पुढे ती अनपेक्षित वाटते. उपचार संपतील, सगळे म्हणतील ‘सुटलीस’, आणि नेमके तेव्हा ताई पुन्हा खचतील. दर तपासणीच्या आधी आठवडाभर झोप उडणे, साधी पाठ दुखली तरी आजार परत आला असे वाटणे, हे बहुतेकींना होते आणि वर्षांगणिक कमी होत जाते. गाठ हार्मोन पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी किमान पाच वर्षे रोज घ्यावी लागेल. पाच वर्षे घेतलेल्या टॅमॉक्सिफेनने अशा रुग्णांतील या आजाराने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, तरीही वाफा आणि सांधेदुखीला कंटाळून पुष्कळ जणी दोन-तीन वर्षांत ती गुपचूप बंद करतात. तेव्हाही ताईंना आजच्यासारखेच विचारावे लागेल की त्रास नेमका काय आहे, आणि त्यावर इलाज शोधावा लागेल.

तिसऱ्या सायकलची तारीख तुम्ही लिहिलेली नाही. ती यायच्या आधी कर्करोगतज्ज्ञांची एक वेगळी भेट मागा, केमोच्या दिवशीच्या घाईतली नको. दिनदर्शिकेवरच्या नोंदी, ताईंनी स्वतः सांगितलेली ‘नको’ची कारणे आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाने सोबत न्या, पहिली दहा मिनिटे ताईंनाच बोलू द्या, त्या अडखळल्या किंवा रडल्या तरी मध्ये पडू नका. रुग्णालयात समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ आहेत का, ते त्याच भेटीत विचारा आणि त्यांच्यासाठीची चिठ्ठी तिथेच लिहून घ्या.